ऐकण्याचा चेहरा

उस्तादांनी मला पकडलं ते तिसऱ्या भेटीत. बुधवार होता, दुपारचे सव्वाचार वाजले असतील. ते समोरच्या खुर्चीत बसून काहीतरी सांगत होते आणि मी ऐकत होते. म्हणजे माझा चेहरा ऐकत होता. मी स्वतः मुलीच्या अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये होते. पसंतीक्रमात पहिलं कॉलेज निगडीचं टाकावं की चिंचवडचं, एवढाच प्रश्न होता, पण तो बराच वेळ चालला.

उस्ताद बोलायचे थांबले. ते थांबलेत हे कळायलाही मला थोडा वेळ लागला.

"मॅडम, बंद पडली का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"गाडी. आवाज येतोय, पण पुढं जात नाहीय."

"नाही नाही, ऐकतेय ना मी. बोला तुम्ही," मी म्हणाले. चौदा वर्षं काउन्सेलिंग केल्यावर हे वाक्य फार छान सुरात म्हणता येतं.

"बरं," ते म्हणाले. उरलेला वेळ त्यांनी हवेवर घालवला. ऊन यंदा जास्त आहे, इथे निगडी प्राधिकरणात निदान झाडं तरी आहेत, चिंचवडात तीही राहिली नाहीत, असं. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी उठले, दार नीट ओढून घेऊन गेले, आणि पुढच्या बुधवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

उस्ताद म्हणजे चिंचवडचे एक टू-व्हीलर मेकॅनिक. वय पंचावन्नच्या आसपास. चार पिढ्या गावठाणात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज. त्यांना सगळेच उस्ताद म्हणतात, त्यांच्या मुलीच्या फोनमध्येही 'उस्ताद अब्बा' असं सेव्ह केलेलं आहे. सहा महिने त्यांच्या छातीत मधूनच धडधडायचं, हात गार पडायचे. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या नॉर्मल आल्या. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे, काउन्सेलरकडे जा. उस्तादांना याचा राग आला होता. त्यांची मुलगी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिनं पहिल्या दिवशी त्यांना माझ्या खोलीपर्यंत आणून सोडलं आणि ते आत येईपर्यंत बाहेर फाटकाजवळ उभी राहिली. उस्तादांनी आत येऊन आधी वर पाहिलं आणि म्हणाले, "पंख्याचं बेअरिंग गेलंय." खरंच गेलं होतं.

वार त्यांनीच ठरवला. गुरुवारी इंडस्ट्रीला सुट्टी, त्यामुळे कंपनीतले सगळे त्या दिवशी गाड्या घेऊन येतात. शुक्रवारी नमाज. शनिवार-रविवार आयटीवाले. राहता राहिला बुधवार.

हे लिहायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. "गाडीचा नंबर लिहू नका, बाकी लिहा," असं ते म्हणाले.

माझी खोली निगडीत, प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे माझ्याकडे लोक रडत असताना वरून ड्रिलचा आवाज येतो. पण नव्या माणसाला आपल्यापेक्षा वरच्या माणसाचं जास्त वाईट चाललंय असं वाटून थोडा धीर येतो, हेही पाहिलं आहे. आठवड्यातले चार दिवस मी इथे बसते आणि दोन दिवस चाकणला एका कंपनीत जाते. त्या कंपनीत माझ्याकडे एक जास्तीचं काम होतं. दर मंगळवारी कँटीनमध्ये वीस मिनिटांचं माइंडफुलनेस. एचआरच्या साहेबांनी आधी विचारलं होतं, "पंधरा मिनिटांत होत नाही का?" आम्ही वीसवर तोडलं. मी कागदावरून वाचायचे, 'आता आपलं लक्ष हळूच श्वासाकडे न्या.' शंभर माणसं डोळे मिटून लक्ष श्वासाकडे न्यायची, त्यातली निम्मी तिथेच झोपायची, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहायचे, कारण साडेतीनची बस निघून गेली की पुढची तासानं असायची. असं वर्षभर चाललं होतं. मी स्वतः एकदाही डोळे मिटले नव्हते.

उस्ताद दोन बुधवार आले नाहीत तेव्हा मी आमच्या ज्येष्ठ बाईंकडे गेले. आमच्या कामात काउन्सेलरलाही कुणाकडे तरी जाऊन आपल्या अडचणी सांगाव्या लागतात. बाई सत्तरीच्या आहेत, पुण्यात राहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं लक्ष नव्हतं तेव्हा ते काय सांगत होते?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"'एक गिऱ्हाईक होतं' इथपर्यंत ऐकलं होतं."

"मग त्यांना फोन कर. लक्ष नव्हतं म्हणून सांग. आणि रोज दहा मिनिटं बसायला लाग. तुमच्या चिंचवडातच एक वर्ग चालतो, आठ रविवार."

फोन दोन मिनिटांचा होता. मी आठ रविवार निवडले.

वर्ग एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारे गृहस्थ एका कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि अजून तसेच दिसायचे. शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि आपल्याकडे बघताना कुठे चरा पडलाय का ते शोधत असावेत अशी नजर. वर्गात सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. ते माइंडफुलनेस म्हणत नसत, सजगता म्हणत. पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं, "श्वासावर लक्ष ठेवायचं. लक्ष जाणार. गेलं की कळलं पाहिजे. कळलं की परत आणायचं. स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. आमच्याकडे रिजेक्शन नाही, फक्त रिवर्क." मग घंटा वाजवली आणि गप्प बसले.

मी घरी बाल्कनीत बसायला लागले. सकाळी साडेसहा ते सहा चाळीस. त्या दहा मिनिटांत खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत जायची, शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आणि नवरा दोनदा दारातून डोकावून विचारायचा, "झालं का?" पण अडचण आवाजांची नव्हती. अडचण ही होती की मी तिथे नसायचेच. श्वास आत गेला की मी चाकणच्या बसमध्ये, बाहेर आला की बँकेत. चौदा वर्षं लोकांसमोर बसून मी काय करत होते त्याचा हिशेब मनात यायला लागला. माझ्याकडे ऐकण्याचा एक चेहरा होता. मान थोडी डावीकडे, भुवया किंचित वर, आणि दर दोन वाक्यांनी एक 'हं'. हा चेहरा मी नवीन असताना मेहनत करून कमावला होता, कारण तेव्हा खरंच ऐकायचे आणि ऐकताना माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. लोक घाबरायचे. पुढे चेहरा इतका चांगला झाला की तो एकटाच कामावर जायला लागला.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत माझं काम सुधारण्याऐवजी बिघडलं. मी हळू बोलायला लागले. प्रत्येक वाक्याआधी श्वास घ्यायचे आणि तो घेतलेला दिसायचा. चाकणच्या कंपनीतले एक सुपरवायझर महिन्यातून दोनदा माझ्याकडे यायचे. तेही कुठल्या तरी जुन्या गावचे, जमीन गेली आणि बदल्यात नोकरी मिळाली त्यातले. त्यांनी घरच्या भांडणाबद्दल बोलता बोलता मध्येच विचारलं, "मॅडम, तब्येत बरी न्हाई का?"

"बरी आहे की. का?"

"न्हाई, आवाज खोल गेलाय. सलाइन लावलेल्या माणसागत बोलताय."

मी हे रविवारी वर्गात सांगितलं. सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही शांत दिसायला बघताय. शांत दिसणं आपल्या सिलॅबसमध्ये नाही. बसल्यावर जे येतं ते बघायचं, एवढंच आहे."

बसल्यावर काय येतं ते मला पाठ झालं होतं. रोज सकाळी, साधारण चौथ्या-पाचव्या मिनिटाला, 'मॅडम, बंद पडली का?' हे वाक्य यायचं आणि माझे कान तापायचे. मग मी घाईनं श्वासाकडे पळायचे. त्या आठवड्यात मी पळाले नाही. कान तापले, मानेपर्यंत तापले, आणि त्याच्या मागून आलं ते असं की मला लक्ष उडाल्याची लाज वाटतच नव्हती. लक्ष सगळ्यांचंच उडतं. लाज वाटत होती ती पुढच्या वाक्याची. 'नाही नाही, ऐकतेय ना मी.' त्या माणसाचा कान बरोबर होता, आणि मी त्याला तुझा कान खराब आहे असं सांगितलं होतं. ज्याचं सगळं पोट कानावर चालतं त्याला.

त्याच दिवशी मी फोन केला. पलीकडे कंप्रेसर चालू होता.

"उस्ताद, मी निगडीहून बोलतेय. काउन्सेलर."

"बोला मॅडम."

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, गाडी बंद पडली का. पडली होती. मी खोटं बोलले."

कंप्रेसर चालू राहिला. मग कुणीतरी तो बंद केला.

"कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"मुलीच्या ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये."

"झाली का ॲडमिशन?"

"झाली. चिंचवडला."

"चांगलंय ते कॉलेज," उस्ताद म्हणाले. "बुधवारी येतो."

ते आले, पण गिऱ्हाइकाची गोष्ट त्यांनी काढली नाही. मीही विचारली नाही. विचारायचा हक्क मी गमावला होता, असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं. तीन बुधवार ते इकडचं तिकडचं बोलत राहिले. मध्येच अचानक थांबायचे आणि म्हणायचे, "आत्ता काय म्हणालो मी?" मी सांगायचे. शाळेत तोंडी परीक्षेला होतं तसं छातीत व्हायचं, पण सांगायचे. त्या दिवसांत मी दोन माणसांच्या मधल्या दहा मिनिटांत फोन बघणं सोडलं होतं. नुसती खुर्चीत बसायचे, तळपाय फरशीला लावून. वर ड्रिल चालू असायचं. मग माणूस आत आला की फरशी पायाला लागतेय एवढं आठवणीत ठेवून ऐकायचे. यापलीकडे मी काही विशेष करत नव्हते.

तिसऱ्या बुधवारी उस्ताद थांबून म्हणाले, "काय म्हणालो?"

"शेवटचं वाक्य निसटलं," मी म्हणाले. "परत सांगाल का?"

त्यांनी परत सांगितलं. त्यानंतर त्यांनी परीक्षा घेतली नाही.

पुढच्या बुधवारी त्यांनी बसल्या बसल्या सुरुवात केली. "एक गिऱ्हाईक होतं."

चाळिशीचा माणूस. आळंदीच्या बाजूला राहायचा, चाकणला कामाला होता. बारा वर्षं गाडी उस्तादांकडेच टाकायचा. एका गुरुवारी सर्व्हिसिंगला टाकली, संध्याकाळी घेऊन गेला. शुक्रवारी दुपारी सेकंड शिफ्टला जाताना चाकणच्या रस्त्यावर ट्रकनं मागून धडक दिली. माणूस जागेवर गेला. चूक ट्रकवाल्याची होती, तसं पोलिसांनी लिहूनही घेतलं होतं. उस्तादांना कुणी एक शब्द विचारला नाही.

"मागचं चाक काढलं होतं मी," ते म्हणाले. "ब्रेकचे लायनर बदलायला. चाक बसवलं की नट कसायचा. मग ट्रायल मारून आलो की परत एकदा पाना लावायचा. तीस वर्षं दोनदा लावतो. त्या दिवशी ट्रायल मारून आलो, आणि फोन वाजला. मेहुण्याच्या घरी लग्न होतं, त्याचं काहीतरी. बोललो. मग गाडी दिली. मध्ये पाना लावला का, ते आठवत नाही."

माझ्या घशात वाक्य तयार होतं. 'यात तुमची काही चूक नव्हती.' खरं वाक्य होतं, आणि माझ्याकडे त्यासाठी सूरही होता. ते वाक्य घशापर्यंत चढलेलं मला चक्क जाणवलं, ढेकर यावी तसं. आणि हेही कळलं की ते त्यांच्यासाठी नव्हतं. समोरच्या माणसाकडे बघवत नव्हतं म्हणून ते मला म्हणायचं होतं. मी ते म्हणाले नाही. तळपाय फरशीवर होते.

उस्तादांनी मग सर्व्हिसिंग सांगायला घेतलं. पहिल्यापासून. ऑइल काढलं, ते कसं होतं. प्लग काढला, साफ केला. फिल्टर झटकला. चेन ढिली होती. एका शंभर सीसीच्या मोटरसायकलचं पूर्ण सर्व्हिसिंग मी त्या दिवशी ऐकलं, आणि अजून कुणी विचारलं तर बहुतेक क्रमानं सांगू शकेन. ते हातांनी करून दाखवत होते. मागच्या चाकाशी आले, नट कसला, ट्रायल मारून आले, फोन वाजला. उजवा हात हवेत तसाच राहिला.

"नाही आठवत," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

"कधीच आठवणार नाही आता."

"बहुतेक नाही."

आम्ही तसेच बसलो. किती वेळ ते मी पाहिलं नाही. ते रडले नाहीत. एकदा दोन्ही हात पँटला पुसले, हाताला ग्रीस असल्यासारखे.

"तुम्ही काही बोलला नाहीत," जाताना ते म्हणाले.

"नाही बोलले."

"बरं केलं. घरी एकदाच काढला होता विषय. सगळे म्हणाले, तुझी काय चूक? झालं. संपलं बोलणं." मग चप्पल घालता घालता त्यांनी सांगितलं, "त्या दिवशी हेच सांगत होतो. तुमची बंद पडली तेव्हा."

मला ते आधीच कळलं होतं. तरी त्यांच्या तोंडून ऐकताना कान तापले. एका क्षणी आपलं लक्ष कुठे होतं, याची सहा महिने चौकशी करत असलेला माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि नेमकं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. त्यावर मी सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "ते झालं की फोनवर."

पुढचे दोन महिने आम्ही त्या पान्याभोवतीच फिरत होतो. धडधड लगेच थांबली नाही. एका बुधवारी येऊन त्यांनी सांगितलं की ते त्या माणसाच्या घरी जाऊन आले. मला न विचारता गेले होते. विचारलं असतं तर मी घाई करू नका म्हणाले असते, त्यामुळे बरंच झालं. घरी त्याची बायको होती आणि तिची सासू.

"काय झालं?" मी विचारलं.

"सांगितलं तिला. पाना दुसऱ्यांदा लावला का आठवत नाही, म्हणून."

"मग?"

"ती म्हणाली, 'मला काय ठावं भाऊ. ट्रकवाल्यानं मारलं त्यास्नी.' मग म्हणाली, 'चा घ्या.' घेतला. साखर फार होती."

'कसं वाटलं तुम्हाला?' हा प्रश्न आमच्या धंद्यातला पान्यासारखाच आहे, हात आपोआप तिकडे जातो. मी विचारलं नाही. उस्तादच म्हणाले, "तिची स्कूटी दारात होती. मागचा ब्रेक लागत नव्हता. करून आलो. दोनदा बघितला." आणि मग त्यांना रडू आलं. पाच-सात मिनिटं ते रडले. वर ड्रिल चालू होतं, ते मध्येच थांबलं, परत सुरू झालं.

डिसेंबरात ते म्हणाले, आता पुरे करू. मलाही तसंच वाटत होतं. शेवटच्या भेटीत मी विचारलं की मी रोज सकाळी जे बसते ते त्यांना शिकायचंय का. म्हणजे धडधड आली तर उपयोगी पडेल. मला वाटलं होतं खूश होतील.

"नको," ते म्हणाले. "नमाजाला बसतो तेवढं पुरे आहे. तिथंही डोक्यात गाड्या चालूच असतात, त्यात हे आणखी कुठं?"

"बरं."

"तुम्ही बसत जा पण. तुम्ही बसता म्हणून इथं बोलायला बरं पडतं. डॉक्टर ऑपरेशनच्या आधी हात धुतो ना मॅडम? तो स्वतःचे धुतो. पेशंटला म्हणतो का, तू पण धू?"

मी हे गुरुजींना सांगितलं. त्यांनी खिशातलं पेन काढून वहीत लिहून घेतलं. चाकणच्या कंपनीत मात्र मी कँटीनमधलं माइंडफुलनेस बंद करावं असं सुचवलं आणि त्याऐवजी तेवढा वेळ मी एकेकाशी बोलेन म्हणाले. साहेब म्हणाले, "पण मग शंभर जणांचा आकडा कसा दाखवणार?" त्यामुळे ते चालू आहे. फरक एवढाच की आता मीही तिथे डोळे मिटून बसते, आणि साडेतीनची बस दोनदा चुकली आहे.

उस्तादांची मुलगी गेल्या महिन्यात निगडीच्या बस स्टँडवर भेटली. मी अब्बांची चौकशी केली नाही, आम्हाला तशी करता येत नाही. तिनंच सांगितलं. म्हणाली, बरे आहेत. महिन्यातून एखाद्या वेळी होतं अजून धडधडायला. झालं की हातातला पाना खाली ठेवतात, स्टुलावर बसतात आणि फोन उचलत नाहीत. गिऱ्हाइकं कुरकुर करतात, पण थांबतात.